जोडीनं सरकणाऱ्या ओळी

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. रनाळ्यात आमच्या गल्लीत मुलगे काय कमी होते? कोणी बारावीत रखडलेला, कोणी आयटीआय केलेला, एक जण तर पोलीस भरतीला छाती फुगवून गेला आणि तशीच फुगवलेली परत घेऊन आला. पण विद्यापीठाचा कागद गल्लीत पहिल्यांदा आणला तो मी. बी.एस्सी. कॉम्प्युटर. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, त्याला काच लावून तो पुढच्या खोलीत देवांच्या फोटोंच्या रांगेत टांगला. माय संध्याकाळी उदबत्ती ओवाळायची तेव्हा तिचा हात त्या कागदापुढंही एकदा फिरायचा. मी बघत नाही असं दाखवायचे. बघायचे मात्र रोज.

घर आमचं तसं आवाजांचं. पहाटे म्हशीची साखळी खुंट्यावर वाजायची, मग मायच्या हाताखालची कळण्याची भाकर. ज्वारी-उडदाच्या त्या भाकरीचा आवाज गव्हाच्या पोळीला येत नाही. ओल्या मातीवर कोणी सावकाश चालावं तसा तो असतो. मोसमात अंगणभर मिरची पसरलेली असायची आणि घरात येणारा प्रत्येक माणूस आधी शिंकायचा, मग रामराम करायचा. संध्याकाळी ओट्यावर आबांची बैठक. तिथं कोणी मोबाइल घेऊन यायचं, कोणी पोराच्या शिष्यवृत्तीचं काम घेऊन यायचं. आबा न बघताच आत हात करायचे, "नलूले दखाडा. तिले बठ्ठं समजस." मला सगळं समजत नव्हतं. पण ते वाक्य ऐकलं की मी हातातलं पीठसुद्धा न धुता बाहेर यायचे. पीठ लागलेल्या हातानं मोबाइल दुरुस्त करणारी पोरगी लोकांना जास्त हुशार वाटते, हे मला तेव्हाच कळलं होतं.

नंदुरबारला लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात मी कामाला होते. मालक सुभाषशेठ, गोड बोलणारा आणि कायम फोनवर असणारा माणूस. फोनवर असण्याचं कारण एकच. आमच्याकडं पत्रिका म्हणजे नुसतं तारीख-वार-मुहूर्त नव्हे. अख्खी भाऊबंदकी त्यात नावानिशी छापली जाते, नावापुढं कंसात पदवी किंवा नोकरी. आणि कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून माणसं लग्नाला यायची किंवा न यायची ठरवतात. मांडवात टॉवेल-टोपीचा मान द्यायलाही माइकवरून त्याच क्रमानं पुकारा होतो. त्यामुळं सीझनमध्ये दिवसभर तेच: मामांना काकांच्या वर घ्या, मोठ्या जावयाला धाकट्याच्या खाली कसं टाकलं, आणि असंच. एक दिवस सुभाषशेठनी फोन टेबलावर पालथा घातला आणि मला म्हणाले, "नलूबाई, असं काहीतरी करा की लोक घरी बसून आपली नावं आपणच वर-खाली ओढतील. आणि भांडणंही तिकडंच करतील. हे जमवलंत तर पुढच्या सीझनपासून तुम्ही पक्क्या."

तेव्हापासून मला ते पान दिसायला लागलं. एकाखाली एक नावांच्या ओळी. माऊसनं ओळ धरायची, ओढायची, हवी तिथं सोडायची. बोलायला एवढंच. मी करून बघितलं तर ओळ उचलली जायची, फिकी होऊन माऊसबरोबर यायची, सोडली की बसायची. मी एकटीच टाळी वाजवली. पान बंद करून उघडलं तर ओळ आपल्या जुन्या जागी, माहेरी परतल्यासारखी. म्हणजे बदल नुसता पडद्यावर होत होता, साठवलेल्या यादीपर्यंत पोचत नव्हता. मग मी हलवलेल्या ओळीचा नवा क्रमांक साठवायला लागले, तर तिसऱ्या जागेवर दोन-दोन माणसं यायला लागली. दोन-तीन आठवडे असेच गेले. उत्तर मिळालं ते चुलतमामाच्या घरच्या पंगतीत. वरण-बट्टी वाढून झालेली, घोटलेल्या वांग्याच्या भाजीची बादली येत होती, आणि एक जाडजूड पाहुणा उशिरा येऊन मधेच बसला. त्याच्यापुढची अख्खी रांग एकेक वीत सरकली, पत्रावळीसकट. माझा घास हातातच राहिला. एक जण मधे बसला की पुढच्या सगळ्यांना सरकावं लागतं! एका ओळीचा नाही, तिच्याखालच्या प्रत्येक ओळीचा क्रमांक पुन्हा लिहायचा. दुसऱ्या दिवशी ते जमलं. आजही कोणी मला विचारलं की तू कुठं शिकलीस, तर मी कॉलेजचं नाव सांगते आणि मनात पंगत म्हणते.

फोनवर मात्र ते चालत नव्हतं. बोट ठेवून ओढलं की ओळ ढिम्म, सगळं पानच वर सरकायचं. माऊसचं ओढणं वेगळं, बोटाचं वेगळं. बोट लागलं की फोनला वाटतं याला पान खाली-वर करायचंय. मला तेवढं कळलं होतं, त्यावरचा उपाय कळला नव्हता. तोवर आमच्या घरात लग्न ठरलं. माझ्या भावाचं, भूषणचं.

मुलगी सुरतची. मूळ आपल्याकडचीच माणसं, वडील कामाला म्हणून तिकडं गेलेले. नाव योगिता. दिसायला सावळी, नाकात बारीक खडा, बोलणं थोडं आणि त्यात गुजरातीची चव. हे सगळं चाललं असतं. पण बैठकीत तिच्या मामानं घसा साफ करून सांगितलं, "पोर बी.ई. शे. कॉम्प्युटर." आणि आमचे आबा, ज्यांना बी.ई. आणि बी.एस्सी. यांतला फरक विचारला तर दोन्हींना खत किती लागतं असं ते विचारतील, ते मांडीवर हात आपटून म्हणाले, "मंग काय! आते आम्हना घरमा दोन कॉम्प्युटर व्हई जातीन!"

दोन. मला त्या 'दोन'चा जो राग आला तो सांगता येत नाही. पोह्यांच्या बशा मी आत नेल्या आणि मोरीत ठेवताना एक फोडली. माय म्हणाली, शकुन झाला. इतकी वर्षं या घरात एक होतं ते मी होते.

म्हणून मी ठरवलं की भूषणची पत्रिका माझ्या पानावरची पहिली पत्रिका होईल. ती येण्याआधी सगळ्या भाऊबंदकीनं बघून घ्यावं की कॉम्प्युटर या घरात आधीपासून आहे. आबांनी ओट्यावर जाहीरच केलं, की यंदा कोणी रुसायचं कारण नाही, नलूनं असं काही केलंय की ज्यानं त्यानं आपलं नाव आपल्या हातानं ठेवावं. फोनवर चालत नाही, हे मी असं सांगितलं, "घरी या, मोठ्या पडद्यावर बरं दिसतं." आणि आले की लोक! माय चहाचं पातेलं उतरवायची नाही. काका, चुलतकाका, लांबचे मामा खुर्चीवर बसायचे, मी मागं उभी, शिक्षिकेसारखी. खरं सांगायचं तर आयुष्यात इतकं सुख मला नंतर क्वचित मिळालं.

नाना आले सगळ्यांत शेवटी. आबांचे चुलतभाऊ, भाऊबंदकीतले दोन नंबरचे थोरले, आणि दोन नंबर त्यांना कधीच मान्य नव्हता.

"पोरी, मन्हं नाव दगडूना खाले काबर शे? त्यानापेक्षा मी मोठा शे."

"नाना, तुम्हीच वर ल्या ना. हाई दाबी धरा, वर ओढा, मंग सोडी द्या."

नानांनी माऊस असा धरला, जसा कासरा धरतात. ओळ उचलली जायची, अर्ध्यात सुटायची, कुठंतरी भलतीकडं बसायची. "बैल बरा व्हता वं! हाऊ मन्हं आयकतच नही!" सगळे हसले. शेवटी ओळ दगडूकाकांच्या वर जाऊन बसली. नानांनी खुर्चीतूनच सगळ्यांकडं एकदा बघितलं, दोन कप चहा घेतला आणि गेले. मी पान साठवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात पत्रिका छापून झाल्या.

आमच्याकडं पहिली पत्रिका देवापुढं आणि दुसरी घरातल्या मोठ्यांकडं. देवापुढं ठेवली तेव्हा देव काही बोलला नाही. नानांच्या घरी नानींनी ती उघडली. नानींना वाचता यायचं, बोट ठेवून, मोठ्यानं. त्यांनी आपलं नाव शोधलं, सौ. सखुबाई. नाना वर गेले होते खरे, पण एकटेच. नानी होत्या तिथंच राहिल्या होत्या. आणि नाना जिथून उठले तिथं, नानींच्या नावाच्या लगेच वर, आता पंडितआप्पांची ओळ घसरून आली होती; ती आधी दगडूकाका आणि नाना यांच्या मधे होती. पंडितआप्पा विधुर, त्यांच्या नावाखाली सौ. कोणी नव्हतंच. आता होतं. श्री. पंडितराव, आणि खाली सौ. सखुबाई.

नानी पत्रिका हातात घेऊन भर गल्लीतून चालत आमच्याकडं आल्या.

"काय वं नलू, मन्हा धनी जित्ता शे ना?"

"शेत ना, नानी."

"मंग माले पंडितना मांगे काबर बसाडं?"

मी पत्रिका बघितली आणि माझे कान गरम झाले. तोवर गल्लीत बातमी पोचली होती. पंडितआप्पा आपल्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेले, गरीब माणूस, त्यांना पोरं विचारायला लागली, "आप्पा, पेढा कवय देतस?" आप्पा उठून आत गेले आणि खिडकीतून ओरडले, "वहिनी, मी काही करं नही! पोरनी करं!" नानींना हसू आलं होतं, पण नाना मागून आले तेव्हा ते हसू त्यांनी पदरात दाबलं. नाना मला काही बोलले नाहीत. आबांना म्हणाले, "तुन्ही पोरनी गंज शिकी लिधं." पुष्कळ शिकली तुझी पोर, बास. बोट नानांचंच होतं, माऊस नानांनीच सोडला होता. पण पान माझं होतं.

चूक काय झाली ते मला लगेच समजलं. मी प्रत्येक माणसाला स्वतंत्र ओळ दिली होती. आमच्याकडं माणूस असा सुटा हलत नाही, श्री. उठला की सौ. उठते. कॉलेजात शिकवलेल्या कुठल्याच उदाहरणात असं नव्हतं. तिथं ओढायच्या ओळी म्हणजे फळांची नावं असायची. आंबा वर गेला म्हणून केळं चिडत नाही. मी दुरुस्त करायला बसले. जोडी बांधली की ओढणं बिघडायचं, ओढणं नीट केलं की जोडी सुटायची. आबा ओट्यावर बसत होते, पण कोणी मोबाइल घेऊन आलं तर आत हात करत नव्हते.

आणि मग ती संध्याकाळ. जेवायची वेळ, ताटात फुणके आणि कढी. फुणके म्हणजे डाळ वाटून वाफवलेले मुटके. माय ते फक्त मन लावून स्वयंपाक करायची असेल तेव्हाच करायची. भूषण फोन घेऊन जेवायला बसला आणि म्हणाला, "आबा, हाई दखा." आबांनी डाव्या हातात फोन घेतला. पानाचा चेहरा माझाच होता, तोच पिवळा रंग, तीच नावं. पण प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला सहा बारीक ठिपके. आबांनी त्या ठिपक्यांवर अंगठा ठेवला. आबांचा अंगठा म्हणजे कापसाच्या बोंडांनी चिरलेला, नखाखाली कायमची काळी रेघ. तो अंगठा वर सरकला आणि नानांची ओळ उचलली गेली, नानींना बरोबर घेऊन. दोघं जोडीनं वर चढले. पान जागचं हललं नाही. अंगठा उचलला आणि जोडी जागेवर बसली.

"ओ बय!" आबा म्हणाले. पुन्हा खाली आणली, पुन्हा वर नेली. कढी निवली तरी त्यांचं लक्ष नाही. "नलू, दख वं, माले बी जमनं! जात्याले खुटा ऱ्हास ना, तसं शे हाई. खुटा धरा का जातं फिरस."

माझ्या पानावर भाऊबंदकीतले इतके जण येऊन बसून गेले, पण आबांनी त्या माऊसला एकदाही हात लावला नव्हता. तुला सगळं समजतं, असं म्हणून ते लांबूनच बघायचे. मी कधी विचारलंही नाही, तुम्ही करून बघता का. आणि ही पोरगी, अजून उंबरठाही न ओलांडलेली, हिनं सुरतेत बसून आबांच्या अंगठ्याएवढी मूठ, ते सहा ठिपके, करून पाठवली.

"कोनी करं?" मी विचारलं. उत्तर माहीत असून विचारलं.

"योगितानी करी धाडं," भूषण म्हणाला. वरून हसला. "एक सांजमा."

पानाचा कोड कोणालाही उघडून बघता येतो, त्यात चोरी काही नाही. तिनं माझा बघितला, दुरुस्त केला आणि फाइल पाठवली. आता ती सर्व्हरवर चढवायची तर पासवर्ड फक्त माझ्याकडं. म्हणजे ते पान जगात जायचं की भूषणच्या फोनमध्ये राहायचं, हे माझ्या हातात होतं. आबांना ते ठाऊक नसावं. ते फोनवरून मान न उचलता म्हणाले, "मंग चढाव ना. काय वाट दखी ऱ्हायनी?"

मी दोन दिवस वाट बघितली. त्या दोन दिवसांत मी तिचा कोड ओळ न ओळ वाचला, कुठं चूक सापडते का म्हणून. सासू सुनेच्या भाकरीचा फाटलेला काठ शोधते तसा. एकही सापडली नाही. उलट एका जागी मी जे दहा ओळींत केलं होतं ते तिनं तीन ओळींत केलेलं होतं, आणि माझं सरकवायचं गणित, ते पंगतीचं, तेवढं मात्र जसंच्या तसं ठेवलं होतं. ते बघून तर जास्तच चरफडले. काढून टाकलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तिचा फोन आला. "ताई, बठ्ठं तुम्हनंच शे. मी फक्त मूठ लावी." मी म्हटलं, "हां." तिसऱ्या दिवशी फाइल चढवली, कारण पत्रिका पुन्हा छापायच्या होत्या आणि नानी रोज एकदा गल्लीतून चक्कर मारून जात होत्या.

सुभाषशेठनी दुकानात आपल्या फोनवर ओळी ओढून बघितल्या. लहान मुलासारखे वर-खाली, वर-खाली. "नलूबाई, कमाल! कोणी केलं?"

"आमच्या घरी केलं," मी म्हणाले. ते खरंच होतं. आठ दिवसांनी ती आमच्याच घरची होणार होती. पुढच्या सीझनपासून मी पक्की झाले.

लग्नात टॉवेल-टोपीचा पुकारा त्याच क्रमानं झाला. नाना-नानी जोडीनं उठले, पंडितआप्पा एकटे उठले आणि पोरांनी शिट्या मारल्या. वहिनी घरात आली आणि आठवड्याच्या आत आबा ओट्यावरून आत हात करताना अडखळायला लागले. नलू म्हणायचं की योगिता, त्यांना सुचायचं नाही. मग मधला मार्ग काढला त्यांनी. नुसतंच म्हणायचे, "पोरीस्ले दखाडा." त्या अनेकवचनात मी माझं लग्न होईपर्यंत राहिले.

आता कानाजवळ पांढरं दिसायला लागलंय. मी शहाद्याला असते, हेच काम करते, स्वतःचं करते. चांगलं करते. आत्मकथन लिहायचं तुझं वय झालं का, असं कोणी विचारेल. पण आमच्या घराण्यात पहिलं आत्मकथनही माझंच असावं अशी माझी इच्छा आहे, आणि वहिनी लिहायला बसेल याचा भरवसा नाही.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या महिन्यात घडलं. आबांची पंच्याहत्तरी. पत्रिका त्याच पानावर, आता सगळी भाऊबंदकी फोनवरूनच ओढाओढ करते. मी माझं नाव शोधलं, तर ते जावयांच्या घोळक्यात, आमच्या ह्यांच्या नावाखाली. मी मूठ धरून स्वतःला वर ओढायला गेले, तर हे माझ्याबरोबर उठले. खाली सोडलं, हेही बसले. श्री. उठला की सौ. उठते, आणि सौ. उठली तर श्रीला बरोबर घ्यावं लागतं. आणि जावयाला मुलाच्या वर कसं न्यायचं? आबांच्या पत्रिकेत आबांच्या खाली एकटं बसायची सोयच नव्हती. गाठ वहिनीनं मारलेली. मी स्वयंपाक टाकून लॅपटॉप उघडला आणि दुपारभर बसून ती सोडवली. ज्या बाईला एकटीनं सरकायचं असेल तिनं ठिपक्यांवर बोट जरा जास्त वेळ दाबून धरायचं, गाठ सुटते. माझी ओळ उचलली, थेट वर नेली आणि आबांच्या खाली ठेवली. नलिनी, बी.एस्सी. कॉम्प्युटर.

संध्याकाळी वहिनीचा फोन. "ताई, गाठ तुम्ही सोडी ना?"

"हां, मी सोडी. काय म्हननं शे?"

"काही नही. चांगलं करं. मन्ही मायरनी पत्रिकामा मी बी अशीच अडकी जास. पन माले तं हाई कवयच सुचनं नही."

कधीच सुचलं नाही! हे वाक्य मी फोन ठेवल्यावर दोनदा मोठ्यानं म्हटलं. आमचे हे पेपरातून वर बघून म्हणाले, काय झालं? म्हटलं, काही नाही, कुकर बघा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या पुढं होते आणि ते तिनं तिच्या तोंडानं सांगितलं होतं.

सकाळी पान उघडलं. तिनंही बोट दाबून आपली गाठ सोडली होती. भूषणच्या जोडीतून एकटी उठली होती, वर आली होती, आणि माझ्या वर जायची जागा मोकळी असताना माझ्या खाली येऊन बसली होती. योगिता, बी.ई. कॉम्प्युटर. आपण होऊन. ते बघून माझा पुन्हा तसाच जळफळाट झाला, बशी फोडली होती तसा. मोठं मन, तेही हिच्याकडंच असावं! मी तिच्या ओळीवर बोट ठेवलं. शेजारी घ्यावं असं क्षणभर वाटलं. पण ओळींना शेजारी बसता येत नाही, वर नाहीतर खाली. मी बोट काढून घेतलं आणि माझी ओळ वरच राहू दिली.